गीतरामायणाच्या आवृत्त्या

ग्रंथाला आवृत्त्या असतात हें आपण सर्व जाणतों. पहिली आवृत्ति, सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ति, शाळांसाठीं काढलेली संक्षिप्त आवृत्ति, अशा तिच्या नाना तऱ्हा. ग्रंथाचा अभ्यासक कोणती आवृत्ति आपल्या हातीं आली आहे हें आधीं पाहतो, आणि मगच ग्रंथकाराविषयीं मत देतो. गाण्याच्या बाबतींत मात्र एवढी काळजी आपण घेत नाहीं. गाणें ऐकलें, आवडलें, ओठांवर बसलें, कीं तें प्रथमपासून असेंच होतें, असें आपण धरून चालतों. आज ज्या कृतीविषयीं मी बोलणार आहें, ती मराठी घराघरांत पोंचलेली आहे. पण आपल्या घरीं तिची कितवी आवृत्ति आली, हा प्रश्न फारच थोड्यांच्या मनांत आला असेल. ती कृति म्हणजे गीतरामायण. कवि गजानन दिगंबर माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके.

दोघेहि एकाच सालचे. फडक्यांचा जन्म १९१९ च्या जुलैमध्यें कोल्हापुरास, आणि माडगूळकरांचा त्याच सालच्या ऑक्टोबरमध्यें शेटफळें येथें. फडक्यांचें पाळण्यांतलें नांव रामचंद्र होतें, हा योगायोगहि ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

ही कृति जन्मली ती पुण्याच्या नभोवाणी-केंद्रांत. हें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें. त्या काळीं नभोवाणीचें खातें डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे होतें. १९५२ सालीं त्यांनीं सूत्रें हातीं घेतलीं, आणि चित्रपटगीतांना नभोवाणीवर जवळजवळ मज्जाव झाला. शौकीन लोक रुसले व त्यांनीं आपल्या यंत्राचा कांटा सिलोनकडे फिरविला. केसकरांच्या धोरणावर टीका पुष्कळ झाली, आणि ती सर्वस्वीं अन्यायाची होती असें म्हणवत नाहीं. परंतु त्या धोरणामुळें एक जागा मोकळी झाली, व ती भरून काढण्यासाठीं केंद्राकेंद्रांतून सुगम संगीताला उत्तेजन मिळूं लागलें. पुणें केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड हे माडगूळकरांचे स्नेही. वर्षभर चालेल अशी एखादी गीतमालिका आपण लिहावी, असें त्यांनीं माडगूळकरांना सुचविलें. कवीनें विषय निवडला तो रामकथेचा, व आधार घेतला तो वाल्मीकींचा.

पहिलें गीत शुक्रवार ता. १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीच्या सकाळीं पावणेनऊ वाजतां प्रसृत झालें. त्या गीताविषयीं एक हकीकत सांगतात. मुद्रणाच्या दिवशींच कवीनें दिलेला कागद गहाळ झाला. वेळ टळत चालली. तेव्हां माडगूळकरांना एका खोलींत बसविण्यांत आलें व त्यांनीं तें गीत नव्यानें लिहून दिलें. ही हकीकत खरी धरली, तर आपण सर्व जें पहिलें गीत म्हणून जाणतों तेंच मुळीं दुसरी आवृत्ति ठरतें!

पुढें दर शुक्रवारीं एक नवें गीत, आणि शनिवार-रविवारीं त्याचीच पुनरावृत्ति, असा क्रम चालला. वर्षाचे आठवडे बावन्न. पण गीतें छप्पन्न झालीं. हें कसें, असा प्रश्न शाळेंतला एखादा चौकस मुलगा हटकून विचारतो. त्याचें उत्तर पंचांगांत आहे. शके १८७७ मध्यें भाद्रपद अधिक आला होता. मालिका रामनवमीपासून रामनवमीपर्यंत न्यावयाची होती, आणि पुढच्या सालची रामनवमी १९ एप्रिल १९५६ रोजीं, गुरुवारीं पडली. १ एप्रिलपासून पुढच्या वर्षाच्या १३ एप्रिलपर्यंत शुक्रवार मोजले तर पंचावन्न भरतात. त्यांत रामनवमीचा गुरुवार मिळविला कीं छप्पन्न. असा हा हिशेब पंचांगाशीं बरोबर जुळतो.

आतां या पहिल्या आवृत्तीचें स्वरूप पाहूं. आज गीतरामायण म्हटलें कीं आपल्या कानांत एकच आवाज घुमतो, तो सुधीर फडक्यांचा. मूळ मालिकेंत मात्र तसें नव्हतें. ती अनेक कंठांतून गाइली गेली होती. रामाचीं गीतें फडके गात; सीतेसाठीं माणिक वर्मा यांचा आवाज होता. त्यांखेरीज वसंतराव देशपांडे, ललिता फडके, मालती पांडे, गजाननराव वाटवे, राम फाटक, सुरेश हळदणकर, बबनराव नावडीकर, योगिनी जोगळेकर, चंद्रकांत गोखले, लता मंगेशकर असे कितीतरी गायक-गायिका त्यांत होते. ज्या पात्राच्या तोंडीं गीत, त्या पात्रास शोभेल असा कंठ, अशी ती योजना. एका अर्थानें तें डोळ्यांना न दिसणारें संगीत नाटकच होतें. प्रत्येक अंक एका गाण्याचा, आणि दोन अंकांमधील विश्रांति आठ दिवसांची.

त्या वर्षीं पुण्यांतल्या घरांतून शुक्रवारीं सकाळीं यंत्रापुढें उदबत्ती लावून लोक बसत, असें जुनी मंडळी सांगतात. पण श्रोतेहो, त्या वर्षीं आम्ही कोठें होतों? आम्ही म्हणजे नांदेड-लातूरकडील माणसें. १९५५ सालीं मराठवाडा हैदराबाद राज्यांत होता. निजामी राजवट १९४८ च्या सप्टेंबरांत संपली होती. परंतु राज्य हैदराबादचेंच राहिलें होतें. नांदेड हें त्यांतलें जिल्ह्याचें ठिकाण, आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यांतील तालुक्याचें. लातूरला स्वतंत्र जिल्हा लाभला तो १९८२ च्या ऑगस्टमध्यें. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत गेला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजीं, म्हणजे गीतरामायणाचें शेवटचें गीत प्रसृत झाल्यानंतर साडेसहा महिन्यांनीं. मराठी भाषेंतील ही एवढी मोठी घटना घडत असतां आम्ही राजकीय दृष्ट्या दुसऱ्या घरांत नांदत होतों.

बरें, राज्याची सीमा आवाजाला अडवीत नाहीं. पण लहरींच्या स्वभावाला इलाज नाहीं. पुणें केंद्राचें प्रक्षेपण मध्यम लहरींवरचें. मध्यम लहरी रात्रीं आकाशाच्या वरच्या थरांवरून परावृत्त होऊन दूरवर जातात. दिवसा मात्र सूर्याच्या तेजानें खालचा एक थर असा भारला जातो कीं तो त्यांना शोषून घेतो. मग त्यांना केवळ जमिनीच्या आश्रयानें जितकें जातां येईल तितकें जावें लागतें. पुण्याहून लातूर सरळ रेषेंत पाऊणतीनशें किलोमीटरांहून दूर, आणि नांदेड साडेतीनशेंहून अधिक. सकाळचे पावणेनऊ ही वेळ या लहरींना मुळींच अनुकूल नव्हे. याच्या उलट सिलोनचें प्रक्षेपण लघुलहरींवरचें. त्या लहरी आकाशाचा आधार घेऊन समुद्र ओलांडीत येत. म्हणून नांदेडच्या माणसाला कोलंबोचें गाणें सहज लाभे, आणि पुण्याचें दुर्मिळ होई. जवळचें दूर आणि दूरचें जवळ, असा हा विलक्षण प्रकार होता. शिवाय त्या काळीं रेडिओचें यंत्र घरीं असणें हीच मोठी गोष्ट होती. त्यासाठीं टपाल खात्याचा परवाना काढावा लागे, आणि अनेक गांवांना विजेचा स्पर्शहि झालेला नव्हता.

मग गीतरामायण आमच्याकडे आलें कसें? तें आलें कागदावरून. पुण्याचीं दैनिकें तीं गीतें आठवड्याच्या आठवड्याला छापूं लागलीं होतीं. पुढें १९५७ सालीं विजयादशमीला भारत सरकारच्या प्रकाशन विभागानें त्यांचें छोटेखानी पुस्तक काढलें. कागदाला लहरींचा जाच नाहीं. तो आगगाडीनें येतो, मोटारीनें येतो, कोणाच्या पिशवींतून येतो. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी येत असे, नांदेडला मीटर रुळांची. दोन्ही सावकाश चालत, पण पोंचत. असा प्रकार झाला कीं, पुण्यास जें प्रथम कानांनीं ऐकलें गेलें, तें आमच्याकडे प्रथम डोळ्यांनीं वाचलें गेलें. त्यांना सूर आधीं मिळाला व मग शब्द. आम्हांला शब्द आधीं मिळाले, आणि सूर पुष्कळ वर्षांनीं.

या ठिकाणीं मला घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माझ्या विषयाचें मर्म तींत आहे. माझ्या वडिलांजवळ तें लहान पुस्तक होतें. कीर्तनें ऐकून त्यांचा कान तयार झाला होता. गळा साधाच, पण सुरेल. पुस्तकांतील गीतांना त्यांनीं आपल्याच चाली लावल्या होत्या. कोठें ओवीची चाल, कोठें साकीची, कोठें एखाद्या आरतीची. रामनवमीच्या नऊ दिवसांत संध्याकाळीं ते आम्हां मुलांना पुढें बसवीत व तीं गीतें म्हणत. सीतेच्या त्यागाच्या गीतापाशीं त्यांचा आवाज थांबे, आणि आई उठून आंत जाई. माझ्या बालपणीं गीतरामायण म्हणजे वडिलांचा आवाज, एवढेंच मला ठाऊक होतें. तें दुसऱ्या कोणीं गाइलें असेल, ही कल्पनाहि मनाला शिवली नव्हती.

आतां ध्वनिमुद्रिकेकडे वळूं. ग्रामोफोनची जुनी तबकडी मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेई, आणि तिच्या दहा इंची आकाराच्या एका बाजूवर सव्वातीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. आपल्या नाट्यपदांचीं व भावगीतांचीं मापें या तबकडीनेंच ठरविलीं. बालगंधर्व रंगभूमीवर जें पद प्रेक्षकांच्या आग्रहाखातर रात्र सरेपर्यंत आळवीत, तेंच तबकडीवर साडेतीन मिनिटांत आवरावें लागे. गीतरामायणांतील गीतें लांब आहेत; एकेकाला पुष्कळ कडवीं आहेत, आणि कथा पुढें नेण्याचें काम तीं कडवींच करतात. त्यांतलीं निम्मीं गाळलीं तर कथा लंगडी पडेल. जुन्या तबकडीला हें काम झेपणारें नव्हतें.

१९४८ सालीं अमेरिकेंत कोलंबिया कंपनीनें दीर्घकाळ वाजणारी तबकडी काढली. मिनिटाला तेहतीस व एक-तृतीयांश फेरे, बारीक खोबणी, आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गायन. ही एल.पी. तबकडी हिंदुस्थानांत रुळूं लागली ती १९६० च्या आगेमागें. त्यानंतरच्या दशकांत ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या छापाखालीं ग्रामोफोन कंपनीनें संपूर्ण गीतरामायण दहा एल.पी. तबकड्यांच्या संचांत काढलें. छप्पन्न गीतें आणि दहा तबकड्या. म्हणजे एका तबकडीवर पांच किंवा सहा, एका बाजूस दोन-तीन. मराठी सुगम संगीतांत एकाच कवीची व एकाच संगीतकाराची एवढी मोठी सलग कृति अशा रीतीनें बाजारांत येणें, हें त्या काळीं सामान्य साहस नव्हतें.

परंतु या संचांत एक महत्त्वाचा फरक झाला होता. नभोवाणीवरचे ते अनेक कंठ येथें नव्हते. छप्पन्नहि गीतें एकट्या सुधीर फडक्यांनीं गाइलीं होतीं. दशरथ तेच, कौसल्या तीच, सीता तीच, शूर्पणखाहि तीच. मालिका संपल्यावर फडक्यांनीं गांवोगांव गीतरामायणाचे शेंकडों कार्यक्रम केले. त्या व्यासपीठावर एकच गायक, हार्मोनियम व तबला यांच्या साथीनें सारी कथा उभी करी. नाटकाचें कीर्तन झालें, असें म्हणतां येईल. कीर्तनांत एकच बुवा राम होतो, रावण होतो, आणि श्रोत्याला त्यांत कांहींच खटकत नाहीं. तबकडीनें हीच कीर्तनाची आवृत्ति कायम केली.

यांत लाभ झाला कीं हानि? दोन्ही झाल्या, असें मला वाटतें. लाभ असा कीं, फडक्यांच्या स्वच्छ शब्दोच्चारामुळें एकेक अक्षर श्रोत्यापर्यंत पोंचलें, आणि सर्व कृतीला एका भावाची एकतानता आली. शिवाय नभोवाणीचें गाणें हवेंत विरून जातें. तबकडी घरीं राहते. ज्याला १९५५ सालीं पुण्यास असण्याचें भाग्य लाभलें नाहीं, त्याला तिनें तें गीत हवें तेव्हां ऐकूं दिलें. आम्हां मराठवाड्यांतील लोकांना सूर मिळाला तो तिच्यामुळें, हें उपकार विसरतां येणार नाहींत. हानि अशी कीं, मुळांतले अनेक आवाज लोकांच्या स्मरणांतून हळूहळू पुसले गेले. आज एखाद्या तरुणाला गीतरामायणांत वसंतराव देशपांडे गाइले होते, माणिक वर्मा गाइल्या होत्या, असें सांगितलें तर तो आश्चर्य करतो. इतिहासांत पुष्कळदां असेंच घडतें. जी आवृत्ति टिकाऊ साधनावर उतरते, तीच मूळ म्हणून मान पावते. आणि जी खरोखर आधीं झाली, ती अपवादासारखी दिसूं लागते.

आमच्या घरींहि हेंच घडलें. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमच्या गल्लींतील एका वकिलांकडे तो तबकड्यांचा संच आला. रामनवमीला त्यांनीं शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावलें. वडील आम्हांला घेऊन गेले. सुई टेंकली, किंचित् खरखर झाली, आणि भूपाचे सूर निघाले. तीं गीतें कानीं पडतांच दिवाणखान्यांतील माणसें स्तब्ध झालीं. मी मात्र वडिलांच्या तोंडाकडे पाहत होतों. त्यांचे ओठ शब्दांबरोबर हलत होते, पण चालीबरोबर नव्हते. घरीं परततांना ते म्हणाले, ‘‘असें आहे होय हें!’’ त्यांच्या स्वरांत आनंद होता, तसा थोडा ओशाळेपणाहि होता. पुढच्या वर्षीं आम्हां मुलांना तबकडीवरची चाल पाठ झाली होती. वडील आपल्या चालीनें म्हणूं लागले कीं आम्ही त्यांना थांबवीत असूं, ‘‘बाबा, तसें नाहीं, असें आहे.’’ दोन-तीन वर्षांत त्यांनीं म्हणणेंच सोडलें. आम्हीं त्यांची चूक सुधारली, असें आम्हांला तेव्हां वाटलें. ती चूक नव्हती, ती एक आवृत्ति होती, हें समजण्यास माझे केस पांढरे व्हावे लागले. आज मला त्यांच्या साऱ्या चालींपैकीं एका कडव्याचें वळण तेवढें आठवतें. बाकीचें त्यांच्याबरोबर गेलें.

तबकडीनंतर कॅसेट आली. फिलिप्स कंपनीनें ती १९६३ सालीं काढली. आपल्याकडे तिचा सुकाळ झाला तो १९८० नंतर. तबकड्यांचा संच व तो वाजविणारें यंत्र ही सुखवस्तु घरांतील चीज होती. कॅसेट मात्र शिक्षकाच्या, कारकुनाच्या, दुकानदाराच्या घरांत शिरली. तिची नक्कलहि करतां येई, आणि ती एका घरांतून दुसऱ्या घरांत सहज जाई. रामनवमीला देवळावरच्या कर्ण्यांतून गीतरामायण ऐकूं येऊं लागलें तें याच काळांत. कॅसेटीनंतर सीडी आली. ग्रामोफोन कंपनीनेंहि २००० सालीं ‘सारेगामा’ हें नांव धारण केलें. आतां तर तीं गीतें हातांतल्या फोनवर आहेत. दरम्यान हिंदी, गुजराती, कानडी, तेलुगु, संस्कृत अशा अनेक भाषांतून त्यांचीं भाषांतरें झालीं. त्यांतलीं पुष्कळशीं मूळ चालींवरच गातां येतील अशा बेतानें केलेलीं आहेत.

साधन बदललें कीं ऐकण्याची रीति बदलते, हें येथें लक्षांत घेतलें पाहिजे. नभोवाणीच्या श्रोत्याला आठ दिवस वाट पाहावी लागे. राम वनांत निघाला, कीं पुढच्या शुक्रवारपर्यंत अयोध्येबरोबर श्रोताहि शोक करी. तबकडीच्या श्रोत्याला दोन-तीन गीतांनंतर उठून ती उलटावी लागे. तेवढ्या वेळांत तो झालेल्या भागाचा विचार करी. कॅसेटीनें ही उठबस कमी केली. सीडीनें मधलें कोणतेंहि गीत निवडण्याची सोय दिली, आणि फोननें तर क्रमच मोडून टाकला. आज पुष्कळांना चार-पांच लोकप्रिय गीतें येतात; बाकीचीं पन्नास आहेत हेंहि ठाऊक नसतें. ज्या कृतीचा प्राण कथेच्या क्रमांत आहे, तिची ही आवृत्ति मला सर्वांत दुबळी वाटते, जरी ती सर्वांत सुलभ आहे.

कोणी म्हणेल, गुरुजी, रामायण हें रामायण; कोणीं कसेंहि गाइलें तरी काय बिघडतें? या प्रश्नाचें उत्तर आपल्याच प्रांतांत आहे. पैठणच्या एकनाथांनीं भावार्थरामायण रचण्यास घेतलें. युद्धकांडांत तें अपुरें राहिलें, व त्यांच्या शिष्यानें, गावबानें, तें पुरें केलें. परंतु परंपरेनें गावबाचें नांव पुसलें नाहीं. कोठपर्यंत नाथांचा हात आणि कोठून शिष्याचा, हें आजहि सांगितलें जातें. अनेक हात लागले यांत कमीपणा कांहींच नाहीं. कोणाचा हात कोठें लागला हें विसरणें यांत मात्र कृतघ्नपणा आहे.

आणि गीतरामायणाची रचनाच पाहा. पहिल्या गीतांत कुश-लव रामापुढें गात आहेत, आणि शेवटच्या गीतांत वाल्मीकि त्या मुलांना गावयास पाठवीत आहेत. म्हणजे सारी कथा, गाणाऱ्या दोन कोंवळ्या कंठांपासून निघून पुन्हां त्यांच्यापाशींच येते. वाल्मीकींनीं चोवीस हजार श्लोक रचले आणि ते मुलांच्या मुखीं दिले. तीच रामायणाची पहिली आवृत्ति. कवीनें काव्य करावें आणि तें दुसऱ्यानें आपल्या गळ्यांत घ्यावें, हा या कथेचा पहिल्यापासूनचा धर्म आहे. त्या दृष्टीनें पुण्याच्या नभोवाणीवरचे ते सर्व गायक, एकटे सुधीर फडके, आणि नांदेडच्या एका लहान घरांत कीर्तनाच्या चालीवर म्हणणारे एक सामान्य गृहस्थ, हे सर्व एकाच रांगेंत बसतात. त्यांचें मोल सारखें नाहीं, परंतु त्यांची जात एक आहे.

माडगूळकर १९७७ सालीं गेले, फडके २००२ सालीं. त्यांची कृति आज सर्वांना सुलभ आहे. तिची काळजी करण्याचें कारण नाहीं. काळजी आहे ती न मुद्रित झालेल्या आवृत्त्यांची. आपल्या घरीं कोणी वृद्ध आजी किंवा आजोबा एखादें गीत वेगळ्याच चालीवर म्हणत असतील, तर त्यांना थांबवूं नका व सुधारूंहि नका. ज्या फोननें क्रम मोडला, तोच फोन त्यांच्यापुढें धरा, आणि त्यांचें म्हणणें संपेपर्यंत स्वस्थ बसा. मला ही बुद्धि वेळेवर झाली नाहीं.